अक्कांचा ओव्हन समोरच्या घरी

मित्रांनो, जरा हळू बोलतो, कारण मी थकलो आहे. मी ॲल्युमिनियमचा एक गोल ओव्हन आहे, जुन्या वळणाचा. खाली खोलगट पोट, वर काच बसवलेलं झाकण आणि तळाशी तारेचं वेटोळं. वीज आली की ते वेटोळं लाल होतं आणि मी तापू लागतो. एका लहानशा कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला, तेव्हा मी इतका चकचकीत होतो की येणारे-जाणारे माझ्यात तोंड बघून घ्यायचे.

शिवानंदअण्णांनी मला सोलापुरात आणलं आणि बायकोच्या, म्हणजे सुंदरम्मांच्या, ओट्यावर ठेवलं. जुळे सोलापूर या भागात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. घर लिंगायतांचं, त्यामुळे मांसमच्छी सोडाच, माझ्या पोटात कधी अंड्याचं टरफलसुद्धा गेलं नाही. नानकटाई, खारी बिस्किटं, रव्याचा केक. सुंदरम्मांना सगळे अक्का म्हणत. दिवाळीच्या आधी आळीतल्या बायका परातीत पीठ घेऊन अक्कांच्या दारात बसायच्या, आणि मी दिवसभर तापून तापून फुटेन की काय असं मला व्हायचं. पण संध्याकाळी अक्का ओल्या फडक्याने मला पुसत आणि म्हणत, "ह्याच्यासारखा राबणारा कोणी नाही बघ घरात." तेवढ्यावर माझा शीण जायचा.

पुढे मुलगा गुरुराज नोकरीसाठी बंगळुरूला गेला. शिवानंदअण्णा वारले. अक्कांची बोटं आखडली आणि पीठ मळवेना. एक दिवस त्यांनी मला जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. वर अंधार, झुरळं आणि फुटका कंदील. मित्रांनो, कामाने आलेला थकवा विसाव्याने जातो. पण काम नसल्याचा थकवा असतो ना, तो कशानेच जात नाही.

समोरच्या घरात रेश्मा राहायची. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती दिवसभर मशीनवर बसे. नवरा ट्रकवर, महिन्यातून जेमतेम चार-दोन दिवस घरी. घरात कॉलेजात जाणारी मुलगी वैष्णवी आणि सासरे आबासाहेब. आबा मूळचे नातेपुत्याचे, मटणाच्या तिखट रश्श्यावर पोसलेला गडी. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं, तळलेलं बंद केलं, मीठही बेताचं ठेवायला सांगितलं. तेव्हापासून ताट समोर आलं की आबा दोन घास चिवडायचे आणि हात धुवायचे. अंगातला सदरा लोंबायला लागला. दाराबाहेर पाऊल टाकणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. "खाल्लं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

वैष्णवीने मोबाइलवर एक पदार्थ हुडकला. टर्कीच्या खिम्याचे तिखट गोळे, न तळता ओव्हनमध्ये भाजलेले. टर्की म्हणजे कोंबडीपेक्षा चांगला थोराड पक्षी, पण मांसात चरबी कमी. डॉक्टरांनी होकार दिला. आबांचा पुतण्या ऋतुराज मोहोळला टर्की पाळायचा, त्यामुळे मांसाची सोय झाली. अडलं ते ओव्हनपाशी.

रेश्मा अक्कांच्या दारात येऊन उभी राहिली. सासऱ्यांना ती मामा म्हणे.

"अक्का, तुमचा ओव्हन पायजे होता. पण फसवून न्हाई नेणार. मांस भाजायचंय त्यात. मामांसाठी."

माळ्यावर माझा जीव गोळा झाला.  अक्का म्हणाल्या, "घेऊन जा की. पण परत आणू नको. एकदा मांस शिजलं, की माझ्या घरात ते चालायचं नाही. सोवळं म्हण, सवय म्हण."

"मग ऱ्हाऊ द्या अक्का. अण्णांची आठवण हाय ती."

"अय्यो, आठवण वर धूळ खात बसलीय आणि तुझा सासरा समोर उपाशी बसलाय. ने म्हणते ना!"

अशा रीतीने मी एका घरातून कायमचा निघालो. उंबरा ओलांडताना मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? ज्या हातांनी मला पुसलं, त्याच हातांनी मला वाटेला लावलं होतं.

रविवारी रेश्माने खिम्यात आलं, लसूण, कोथिंबीर आणि आपलं सोलापुरी काळं तिखट घातलं, गोळे वळले आणि माझ्या पोटात ठेवले. मला वाटलं होतं, शिसारी येईल. पण आली नाही. धगीला कुठली जात माहीत असते? मी आपला तापलो. मात्र माझी डावी बाजू पहिल्यापासूनच नको तेवढी तापट. त्या बाजूचे गोळे जळले आणि उरलेले दगडासारखे टणक झाले.

आबांनी एक चावून बघितला आणि ताटात टाकला. "ह्ये काय गं? गोट्या केल्यात व्हय? पोरास्नी खेळायला दे."

 आठवडाभर मशीनवर वाकलेली रेश्मा ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसली. "आता न्हाई व्हत माज्याच्यानं," एवढंच ती वैष्णवीला म्हणाली. मी काय करणार? गार होत राहिलो.

जळका वास समोरच्या घरात गेला होता. अक्का दारात आल्या. नाकाला पदर, पाय उंबऱ्याबाहेर.

"डाव्या अंगाला जळलं ना?"

"तुमाला कसं कळलं?"

"त्याच्यापुढे उभं राहून म्हातारी झाले मी. अर्ध्यात ताट फिरवायचं. आणि आत पाण्याची वाटी ठेव. नानकटाईला कोरडी धग लागते. तुझं हे जे काय आहे, त्याला ओल पाहिजे."

रेश्मा उठली. उरलेल्या खिम्यात तिने आणखी एक गोष्ट केली. शिळी भाकरी दह्यात कुस्करून मिसळली, भरपूर कांदा घातला, वरून लिंबू पिळलं. गोळे पुन्हा माझ्या पोटात आले. मित्रांनो, माझं वेटोळं एका ठिकाणी झिजून केसाएवढं बारीक झालं आहे. त्या दिवशी ते चरचरायला लागलं. आता तुटतंय असं मला वाटलं. आज नको, आज नको, असं म्हणत मी तग धरला. अक्का दाराबाहेरच उभ्या होत्या, वास सोसत. मधेच म्हणाल्या, "हां, आता फिरव."

आबांनी गोळा बोटांनी फोडला. आतून वाफ निघाली. त्यांनी तोंडात टाकला. 

"तिखट हाय," आबा म्हणाले.

रेश्माचा चेहरा पडला.

"म्हंजे जीभ जित्ती हाय म्हनायची माजी. आन अजून एक. अन् भाकरी कुटं हाय?"

त्या दिवशी आबा पोटभर जेवले. जेवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्ये भांडं कुनाचं म्हनायचं?" रेश्माने सगळं सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी टोपी मागितली. भिंतीला धरून धरून ते समोरच्या दारापर्यंत गेले. रेश्मा मागून निघाली, तर तिला हातानेच थांबवलं.

"अक्का, माज्यापायी तुमचं भांडं बाटलं."

"परत घेणार नाही हो मी ते," अक्का म्हणाल्या. "तेवढं मला जमायचं नाही. पण तुम्ही आत या की. बसा, दम लागलाय तुम्हाला."

आबा बसले. दोन्ही दारं सताड उघडी होती. दोन म्हातारी माणसं औषधाच्या गोळ्यांबद्दल आणि पोरांच्या नोकऱ्यांबद्दल बोलत राहिली. मधेच अक्का कशाला तरी मोठ्याने हसल्या. शिवानंदअण्णा गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

आता दर रविवारी मी तापतो. वेटोळं किती दिवस निभावेल, सांगता येत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी असेल. वायर ओढून ओढून गुंडाळू नका. काम झालं की पुसून ठेवा. आणि अंगात धग असेतोवर आम्हाला माळ्यावर टाकू नका. तुम्हाला नको असू, तर ज्याला गरज आहे त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवा. आणि हो, माझ्या झाकणाच्या काचेवर मसाल्याची वाफ बसते, तेवढी जरा निगुतीने पुसा. समोरच्या दारात आबा गप्पा मारायला जातात ना, ते मला बघायचं असतं.