ऐकायची राहिलेली क्षमा

रामगोंडा पाटलांच्या मते जगात दोन गोष्टी बिनकामाच्या होत्या. एक त्यांचा धाकटा भाऊ भरतेश, आणि दुसरा पोरानं, आर्जवनं, सांगलीहून आणलेला कॉम्प्युटर, ज्याचे स्पीकरसुद्धा स्क्रीनच्या पोटातच होते. क्षमावाणीच्या दिवशी दोन्ही एकदमच समोर आले.

पर्युषण संपलं की लहानानं थोराची आणि थोरानं लहानाची क्षमा मागायची, अशी रीत. रामगोंडांनी त्यातला सोयीचा अर्धा भाग तेवढा ध्यानात ठेवला होता. आर्जवच्या लग्नात भरतेश भरल्या पंगतीत ताटावरून उठून गेला होता. ज्यांनी ते पाहिलं त्या सगळ्या भावकीसमोर त्यानं क्षमा मागावी, आणि ती आपल्या कानांनी ऐकावी, यासाठी त्यांचा जीव आसुसला होता. भरतेश कराडात पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेला, म्हणून व्हिडिओ कॉल. सोप्यात सतरंज्या अंथरून भावकी बसली होती.

कॉल लागला. भरतेशनं हात जोडले, त्याचे ओठ हलले. आवाज मात्र नाही.

"बगा," रामगोंडा भावकीकडं वळले, "क्षमा मागतोय, ती बी मुक्यानं. तोंडातनं शब्द काढायला बी याला जड जातंय."

आर्जवनं आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. सेटिंग उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पोराच्या इंजिनिअरिंगवर रामगोंडांनी नुसतं नाक मुरडलं. चुलतभाऊ आप्पासो उठले आणि जुन्या रेडिओला हाणावं तशा त्यांनी स्क्रीनच्या पाठीवर दोन थापा हाणल्या.

"मामा, मागं ती..." सून प्रीती दारातून सासऱ्यांना म्हणाली.

"तू च्याचं बघ."

तिकडं भरतेश हात जोडून तसाच बसला होता. त्या गप्प चेहऱ्याकडं बघून रामगोंडांना आणखीच चेव आला.

"पंगतीत तरी म्या काय खोटं बोललो? बायकोच्या पगारावर जेवणारा गडी. तवा बोललो, आज बी बोलतो. पाय मोडला म्हणं! ह्यो कवा सोताच्या पायावर हुबा हुता?"

"मामा, काका तिकडं समदं ऐक..."

"एकदा सांगितलं न्हवं तुला?"

प्रीतीनं ट्रे खाली आदळला. सकाळी जपाच्या वेळी हे यंत्र टुंगटुंग करतंय म्हणून सासऱ्यांनीच आकाशपाताळ एक केलं होतं, आणि तिनं मागच्या बाजूला इअरफोनची पिन खुपसून त्याचं तोंड बंद केलं होतं. ती तरातरा आली, स्क्रीनमागं हात घातला आणि पिन उपसली.

खोकल्याचा आवाज सोपाभर घुमला. भरतेशचा खोकला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"अण्णा, आवाज तुमच्याकडं येत नव्हता," भरतेश म्हणाला. "मला पहिल्यापासनं सगळं ऐकू येतंय."

भावकी स्क्रीनकडं सरकून बसली.

"मी दोनदा क्षमा मागितली. ऐकली नसंल तर तिसऱ्यांदा मागतो. माजं चुकलं, ताटावरनं उठायला नको हुतं." त्यानं जोडलेले हात खाली घेतले. "आता तुमची पाळी. मागताय, का आज बी उठू?"

सगळी भावकी रामगोंडांकडं बघायला लागली. रामगोंडांचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर पडेना.



"बोला की, अण्णा," आप्पासो म्हणाले. "आता आवाज येतोय."