उणे ऐंशीतली माणसे

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी माझी कोणाशी मैत्री नाही आणि व्हावी अशी इच्छाही नाही. तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजला माझा भाऊ समजू नका. तो दूध, कोथिंबीर आणि कालची आमटी सांभाळतो. माझ्या पोटात उणे ऐंशी अंश थंडी असते. ओल्या हाताने माझ्या कप्प्याला शिवाल तर कातडी तिथेच चिकटून राहील.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जाड भिंती, दुहेरी दार आणि आत दोन कॉम्प्रेसर बसवून मला जहाजात चढवले आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात आणून उभे केले. तेव्हा माझा पांढरा रंग डोळ्यांत भरण्याजोगा होता. डेस्मंड क्रॉली नावाचा एक तरुण संशोधक मला रोज फडक्याने पुसत असे. पुढे तो प्रोफेसर झाला आणि पुसणे बंद झाले.

माझ्या पोटात पहिल्याच दिवशी रक्ताच्या नळ्या ठेवल्या गेल्या. क्रॉलीच्या गुरूंनी ते रक्त फार वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या पेपरबार्क क्रीक या आदिवासी वस्तीतून आणले होते. तेव्हा तिथे मिशनऱ्यांचा अंमल होता आणि वस्तीत तापाची साथ होती. गुरुजी जीप घेऊन गेले, आजाराचे कारण शोधतो म्हणाले आणि सगळ्यांचे दंड बांधून रक्त काढून निघून आले. माझ्याआधी ते दुसऱ्या एका पेटीत होते. ती पेटी भंगारात गेली, गुरुजी वारले आणि नळ्या माझ्या वाट्याला आल्या.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. देशोदेशीचे पाहुणे येत, माझ्या दाराशी उभे राहून फोटो काढत. इतके जुने, इतके चांगले राखलेले रक्त जगात फार थोड्या ठिकाणी आहे, असे ते म्हणत. प्रोफेसर क्रॉली त्यातले चार-दोन थेंब काढत, त्यावर मोठमोठे लेख लिहीत आणि टाळ्या घेत. माझा ऊर भरून येई. खोटे कशाला सांगू, मला वाटे, हे सगळे माझ्यामुळे आहे.

पुढे माझ्या दाराचे रबर झिजले. कडांना बर्फ धरू लागला. प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणारी बेव्ह नावाची बाई होती, ती दार उघडताना मला लाथ घालू लागली. "उघड मेल्या, तुझं थडगं झालंय नुसतं," हे तिचे रोजचे बोलणे. माझ्या शेजारी एक नवा फ्रीझर आला. त्याला जरा ऊब लागली की तो थेट बेव्हच्या फोनवर निरोप धाडतो. माझ्यात बिघाड झाला तर मी फक्त किंचाळतो. मला काढून टाकायचे जवळजवळ ठरले होते.

तेवढ्यात जमाना बदलला. रक्ताच्या एका थेंबातून माणसाची सगळी जनुके वाचणारी यंत्रे निघाली. परदेशातल्या एका संस्थेने प्रोफेसरांना भरघोस अनुदान देऊ केले, पण एका अटीवर. ज्यांचे रक्त आहे त्यांची, आणि ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांची लेखी संमती हवी. विद्यापीठाच्या नीतिसमितीनेही तेच धरून ठेवले. समितीचे लोक मला पाहायला आले आणि माझ्यासमोरच भांडले. एक म्हणाला, जुन्या काळी असे नियम नव्हते, आता उकरून काय काढता? दुसरी म्हणाली, नियम नव्हते म्हणून माणसे नव्हती काय? तिसऱ्याने घड्याळ पाहिले. प्रोफेसर धुमसत होते. या रक्तातून उद्या हजारो माणसांचे भले होईल आणि हे लोक सह्यांच्या मागे लागलेत, असे ते बेव्हला म्हणाले. ती म्हणाली, "मग मिळव की सह्या. कोणी अडवलंय?"

अशी आंटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली; तिला सगळे आंटीच म्हणत. पेपरबार्क क्रीकमध्ये तिचा शब्द चालतो. तिने सही केली की बाकीची घरे करणार, हे प्रोफेसरांना ठाऊक होते. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घ्यावे लागे, म्हणून एवढा प्रवास तिला झेपण्याजोगा नव्हता. तरी ती आली, कारण माझ्या पोटात तिच्या आईचे रक्त होते. ते परत नेऊन आईच्या भूमीत पुरायचे आणि मग स्वतः सुखाने डोळे मिटायचे, एवढीच तिची मागणी होती. सोबत भाची लिआन होती. ती वस्तीतल्या दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिची जीभ सुईहून तीक्ष्ण आहे.

मला आंटीचा राग आला. हे रक्त गेले की मी भंगार, हे मला कळत होते. ही बाई माझा जीव घ्यायला आली आहे, असेच मी धरून चाललो.

"मला आठवतंय," आंटी प्रोफेसरांना म्हणाली. "आईचा दुसरा हात मी धरला होता. रक्त काढून झाल्यावर तुझ्या गुरूनं तिला पीचचा डबा दिला. ती म्हणाली, डबा राहू दे, कशानं आजारी पडतोय ते कधी सांगायला येशील? तर तो म्हणाला, पावसाळा सरला की येतो."

"त्या काळी रस्ते..." प्रोफेसरांनी सुरुवात केली.

"किती पावसाळे सरले, प्रोफेसर?" लिआन म्हणाली. "का तुमच्याकडे अजून पडतोय?"

प्रोफेसरांनी ऐकून घेतले. मग त्यांनी आपली बाजू मांडली, आणि ती अगदीच टाकाऊ होती असे मी म्हणणार नाही. तुमच्या लोकांत किडनीचा आजार इतका का, याचे उत्तर कदाचित या नळ्यांत असेल. तुमची गेली, नातवंडांची वाचतील, असे ते म्हणाले. आंटीने माझ्या दारावर हात ठेवला. मग म्हणाली, "अर्धं तू वापर. अर्धं मी घेऊन जाते. आईला मी समजावीन."

लिआन खवळली. "आंटी, अगं काय बोलतेस? या माणसाला अर्धं कशाला?"

"गप बस. नातवंडं माझी आहेत."

प्रोफेसरांचे काम झाले होते. गप्प बसले असते तर कागदावर सही झालीच असती. पण माणसाला आनंद झाला की तोंड आवरत नाही. आपण हे रक्त किती प्रेमाने राखले आहे ते दाखवावे म्हणून त्यांनी माझे दार उघडले, जाड हातमोजे चढवून एक खण बाहेर ओढला आणि नळ्यांवरची नावे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकामागून एक, आवाजात माया आणून. ती सगळी माणसे वारलेली होती.

पेपरबार्क क्रीकमध्ये गेलेल्या माणसाचे नाव कोणी उच्चारत नाही. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते. त्या माणसाचे नाव दुसऱ्या कोणाला असेल तर त्यालाही लोक वेगळ्या नावाने हाक मारू लागतात. म्हणून मीही ती नावे इथे सांगत नाही. प्रोफेसर मात्र वाचत गेले. पहिल्या नावाला आंटीने कानावर हात ठेवले. लिआन "थांबा, थांबा" म्हणत पुढे धावली. ती भारावली आहे असे प्रोफेसरांना वाटले असावे, कारण त्यांनी हसून मान हलवली आणि आंटीच्या आईचे नाव वाचले.

आंटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. उघड्या दारातून माझी वाफ जमिनीवर पसरत होती आणि कोणी दार लावत नव्हते.

"झालं काय?" प्रोफेसर गोंधळून म्हणाले.

"उभा जन्म आमच्या रक्तावर काढलात," लिआन म्हणाली, "आणि आमच्याकडे मेलेल्याचं नाव घेत नाहीत, एवढं तुम्हाला माहीत नाही? कुणाकडून काही शिकलात की नाही? का फक्त घेतच राहिलात?"

आंटी वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. "अर्धं नाही," ती म्हणाली. "सगळं. एक थेंब ठेवायचा नाही."

मग प्रोफेसरांचाही तोल गेला. आपण माफी मागतो, पण एका चुकीपायी एवढा ठेवा बुडवणार का, असे ते तावातावाने म्हणाले. मी नसतो तर हे रक्त केव्हाच सडून गेले असते, असेही म्हणाले.

"सडायलाच हवं होतं," आंटी म्हणाली. "गेलेल्या माणसाचं सडतं, मातीत जातं. मग ते माणूस निवांत होतं. तू तिला मरूसुद्धा दिलं नाहीस."

त्या दिवशी ती रिकाम्या हाताने परत गेली. विद्यापीठाचे वकील म्हणाले की प्रकरण नाजूक आहे, निर्णय होईपर्यंत वापर नको आणि परतही नको. माझ्या दाराला कुलूप लागले. लिआन फोन करी आणि बेव्ह तिला तेच तेच उत्तर देई. एकदा लिआनने तिला फोनवर काय सुनावले ते मला कळले नाही, पण बेव्हने फोन ठेवला आणि मला दोन लाथा घातल्या.

एके दुपारी प्रोफेसर माझ्याजवळ येऊन बेव्हला हळूच म्हणाले, "समितीला घाई करू देऊ नकोस. बाईची तब्येत तू पाहिलीसच. पुढचा पावसाळा काही ती काढणार नाही. मग वारस तिचा मुलगा. तो शहरात असतो, समजूतदार आहे."

"म्हणजे ती मरायची वाट बघायची."

"मी तसं म्हणालो नाही."

"तसंच म्हणालास, डेस."

दुसऱ्या दिवशी बेव्हने समितीपुढे जाऊन हे शब्दन्‌शब्द सांगितले. परत आल्यावर ती फोनवर कोणाला तरी म्हणत होती, "मला त्या बाईचा काही पुळका नाही गं. तिची भाची तर नकोच मला. पण ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली, आणि झोप उडाली की मी कुणालाच सोडत नाही." प्रोफेसरांनी नाकारले नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवे. तेव्हापासून त्या दोघांचे बोलणे बंद आहे. समितीने सगळे रक्त परत करण्याचा निर्णय दिला.

आंटी पुन्हा आली तेव्हा चाकाच्या खुर्चीत होती. आवाज खोल गेला होता. लिआनने सगळ्या घरांची मंजुरी आणि सरकारी परवाने आणले होते, शिवाय पेपरबार्क झाडाची मऊ साल आणली होती, नळ्या गुंडाळायला. बेव्हने कोरड्या बर्फाने भरलेली पेटी तयार ठेवली होती.

"बर्फ नको," आंटी म्हणाली.

"बाई, नियम आहे तो."

"नियम तुझा. आई माझी. तिला थंडी पुरे झाली."

बेव्ह कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटले, आता पुन्हा भांडण पेटणार. "बूच उघडायचं नाही, एवढं तरी ऐकशील ना?" ती गुरगुरली. आंटीने मान हलवली. बेव्हने बर्फ मोरीत ओतून दिला.

दारात प्रोफेसर उभे होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते. "वितळलं की संपलं," ते म्हणाले. "पुन्हा काही करता येणार नाही. आंटी, मी हात जोडतो. माझ्यासाठी नको. तुमच्या नातवंडांसाठी."

लिआनने माझ्या पोटातून काढून दिलेली आईची नळी आंटीने तळहातांत धरली. नळीवरचे पांढरे दव विरघळून तिच्या बोटांमधून गळू लागले. ती प्रोफेसरांकडे पाहत होती, रागाने म्हणावे तर तसेही नाही.

"माझी नातवंडं जिवंत आहेत," ती म्हणाली. "त्यांचं रक्त त्यांच्या अंगात आहे, गरम. तुला हवंय ना? मग जा, त्यांच्या दारात बस, चहा पी आणि विचार. देतील किंवा हाकलून देतील."

तिथे जायचे कसे, असे प्रोफेसरांनी विचारले. त्यांना ठाऊक असणार कुठून? ज्या वस्तीच्या रक्तावर त्यांनी नाव कमावले, तिथे त्यांनी आजवर पाऊल ठेवले नव्हते. मला हे त्याच क्षणी कळले, आणि मी इतकी वर्षे ज्याचा अभिमान बाळगला त्या माणसाची मला लाज वाटली. आंटीच्या हातातले गोठलेले रक्त सैल होऊन हलू लागले होते. ती त्याच्याशी तिच्या भाषेत काहीतरी बोलली. ते मला समजले नाही आणि समजायची गरजही नव्हती.

त्याच संध्याकाळी बेव्हने माझा प्लग काढला. जाताना तिने लाथ घातली नाही. आता माझे दार उघडे असते, कप्प्यांत कोणी खोकी कोंबून ठेवली आहेत, आणि भंगारवाला येईल तेव्हा येईल. माझी कीव करू नका. आंटीने आईला मातीत ठेवले आणि मग तीही तिच्या शेजारी मातीत गेली, असे लिआनने बेव्हला कळवले आहे. पावसाळ्याला तेव्हा अजून अवकाश होता.

मित्रांनो, मोठे होऊन शास्त्रज्ञ व्हा, जरूर व्हा. पण जपणे म्हणजे कुलूप लावून गार ठेवणे, असे कोणी शिकवले तर त्याचे ऐकू नका. ते काम माझ्यासारखा पत्र्याचा डबाही करतो. ज्याच्या दारातून काही न्याल, त्याच्या दारात सांगायला परत जा. उत्तर सापडले नसेल, तरी तेच सांगायला जा.

प्रोफेसर क्रॉली अजून पेपरबार्क क्रीकला गेलेले नाहीत. उत्तरेकडचे विमान रोज सकाळी सुटते.