अठरा नव्हे, चौतीस

मी एक जुनं घड्याळ आहे आणि मी उलटा टांगलेला असतो. हसू नका! मोठ्या सिस्टरांच्या गणवेशाला मला पिनेने उलटं लावतात, कारण मान खाली घातली की त्यांना मी सुलटा दिसतो. तुम्हाला वेळ बघायची असेल तर भिंतीवर बघा. मी तुमच्यासाठी नाहीच मुळी.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथल्या एका बाईने चिमट्याने माझा सेकंदकाटा बसवला, आणि त्या काट्याचा मला भारी तोरा होता. सिस्टर नर्सिंगची परीक्षा पास झाल्या तेव्हा त्यांच्या मावशीने मला त्यांच्या हाती दिलं. मावशीही नर्सच. ती म्हणाली, "श्वास पूर्ण मिनिट मोजायचा, काय? आणि पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो."

म्हणून सिस्टर मनगट धरून ठेवायच्या, जणू नाडीच बघतायत, आणि नजर मात्र छातीवर. दिवसाला तीस-चाळीस पेशंट, आणि प्रत्येकाचं एक मिनिट माझं. काय सांगू मित्रांनो, तेव्हा माझी ऐट बघायला हवी होती!

मग चाकांवरचं मशीन आलं. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, की रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन सगळं पडद्यावर हजर. कामाचं यंत्र आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. पण श्वास काही ते मोजत नव्हतं. पेशंटच्या तक्त्यावरचा तेवढा एक रकाना रिकामा राहायचा. वॉर्डात माणसं कमी आणि कामं ढीगभर, मग हळूहळू सगळ्यांनीच तिथे अठरा लिहायला सुरुवात केली. धडधाकट माणसाचे मिनिटाला साधारण तेवढेच असतात ना! तापाचा पेशंट, अठरा. दम्याचा पेशंट, अठरा. माझ्या सिस्टरांनीही तेच केलं. मला राग यायचा, पण घड्याळाच्या रागाला कोण विचारतं? त्यात एकदा मी फरशीवर आपटलो आणि माझा काटा पंचेचाळीसच्या खुणेपाशी अधूनमधून अडकायला लागला. मला दुरुस्तीला न्यावं असं कुणाला वाटलंही नाही.

त्या दुपारी सात नंबरच्या खाटेवर ड्रायव्हरकाका होते. आतड्याच्या ऑपरेशनचा पाचवा दिवस. बस चालवण्यात जन्म गेलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. भेटायच्या वेळेत त्यांची लेक आली, दहा मिनिटं बसली आणि थेट सिस्टरांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सिस्टर, बाबा गप्प आहेत."

"झोप झाली नसेल गं."

"तसं नाही हो. चार शब्द बोलतात आणि थांबतात. बघा तरी."

सिस्टरांनी मशीन लावलं. रक्तदाब ठीक. ऑक्सिजन पंच्याण्णव. नाडी एकशे दहा, पण जखम दुखत असली की नाडी पळतेच. तक्त्यावर सकाळचे श्वास अठरा. अक्षर सिस्टरांचंच.

"सगळं ठीक दिसतंय."

"मशीनला दिसत असेल. मला नाही दिसत," लेक म्हणाली.

काका हसायला गेले. "हिला ना... लहानपणी... पुढची सीट..." आणि पुढचं राहूनच गेलं.

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि मान खाली घालून माझ्याकडे बघितलं. किती महिन्यांनी!

पण माझी तर गाळणच उडाली. मी मध्येच अडकलो तर? मिनिट लांबलं तर आकडा खोटा ठरणार, आणि खोटा आकडा तर तक्त्यावर आधीच होता! सिस्टरांचे ओठ हलत होते. अर्ध्या मिनिटाला सतरा. तिथेच थांबून दुप्पट करता आली असती, पण त्या थांबल्या नाहीत. माझा काटा चाळीसवर. त्रेचाळीसवर. पंचेचाळीसला काटा थरथरला. चल रे बाबा, चल! आणि गेला पुढे. साठ.

चौतीस.

सिस्टरांनी फोन लावला. "डॉक्टर, सात नंबर. श्वास चौतीस आहेत."

"सकाळी अठरा होते ना? ऑक्सिजन किती?"

"पंच्याण्णव."

"मग दुखत असेल. इंजेक्शन द्या, राउंडला बघतो."

"नाही डॉक्टर, आत्ता या. पूर्ण मिनिट मोजलेत. तुम्ही येतो म्हणेपर्यंत मी फोन ठेवत नाही."

डॉक्टर कुरकुरतच आले. त्यांनी काकांच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांची कुरकुर बंद झाली. पोट फळीसारखं कडक झालं होतं. आतड्याचे टाके आत सुटले होते आणि विष अंगात भिनायला लागलं होतं. रक्तदाब अजून तग धरून होता, श्वासांनी मात्र आधीच धाव घेतली होती. पाव तासात काकांना ऑपरेशनला नेलं.

तीन तास लेक बाकावर बसून होती. मग डॉक्टर बाहेर आले. "निभावलं. संध्याकाळ उलटली असती तर काही खरं नव्हतं."

लेकीने सिस्टरांचे हात धरले. "तुमच्यामुळे, सिस्टर."

सिस्टरांनी हात सोडवून घेतले. तक्ता आणला. सकाळच्या अठरावर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, 'मोजले नव्हते', आणि खाली सही केली. मग तक्ता लेकीपुढे धरला. "हे मी लिहिलं होतं. सकाळीच मोजले असते तर एवढं झालं नसतं."

लेकीने ते शब्द वाचले. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. डोळे पुसून तिने विचारलं, "आता पुढे कोण मोजणार?"

"मी. तू शेजारी बस, आणि मोजताना माझ्याकडे बघ."

मित्रांनो, मी आता थकलोय. उद्या बंदही पडेन. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, दुसरं घड्याळ मिळेल. फक्त एक विनवणी आहे. रिकामा रकाना दिसला तर त्यात ठीक वाटेल ते भरू नका. माणूस समोरच असतो, त्याच्याकडे एक मिनिट बघा. तेवढाही वेळ नसेल तर रकाना रिकामाच राहू द्या. तो बघून निदान कुणीतरी विचारेल, "याचे श्वास मोजले का?"