बारावी जोडी

सभागृहातला नळ्यांचा ऑर्गन बारा वर्षं कुलूपबंद होता, आणि त्याला कारण तिचे बाबा, असं सगळे म्हणत. बाबांनी तो सुरात लावला आणि पहिल्याच कार्यक्रमात वादकाने दोन पट्ट्या एकत्र दाबताच असा भेसूर आवाज निघाला की हशा पिकला. "म्हाताऱ्याचे कान गेले," हे वाक्य बाबांच्या आधी घरी पोचलं. बाबांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. पुढे कान खरोखरच गेले, मग तर लोकांना आयतं कोलीतच मिळालं.

आता तोच ऑर्गन आजच्या पद्धतीने, उणंअधिक सगळ्या सुरांत सारखं वाटून, लावायचं काम लेकीकडे आलं होतं. नळ्यांना एकदा हात लागला की बाबांचा सूर कायमचा पुसला जाणार. म्हणून आधी तिने मीटर काढून तो मोजायला घेतला. खरं सांगायचं तर बापाची चूक शोधायलाच घेतला. न शोधता तिला राहवेना.

षड्ज-पंचमाच्या बारा जोड्या. पहिलीतलं अंतर केसभर आखूड. दुसरी तितकीच. अकराव्यापर्यंत तोच केस. कान गेलेल्या माणसाच्या हातून इतकी शिस्तशीर चूक होत नाही. बारावी मात्र विव्हळली.

मग तिने सा, ग आणि प एकत्र दाबले, आणि बोटं तिथेच राहिली. जन्मभर तिने लावलेल्या प्रत्येक गंधारात एक बारीक थरथर असायची. तो सुराचा स्वभावच, असं ती धरून चालली होती. इथे थरथर नव्हती. तीन सूर असे एकजीव झाले होते की वेगळे काढता येईनात. दुसऱ्या पट्टीला सा धरून पाहिलं, तिसऱ्या पट्टीला धरून पाहिलं. अशा आठ जागा निघाल्या. चार जागा वाईट, त्या बाराव्या जोडीच्या आजूबाजूच्या. आठ गंधार असे लागावेत म्हणून बाबांनी अकरा जणींतून काढलेलं उणं त्या एकटीने पदरात घेतलं होतं. वादक नेमका तिथेच गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बाबांना आणि सभागृहाच्या चिटणिसांना बोलावलं. तेव्हा हसणाऱ्यांत चिटणीसही होते.

"तेव्हा बोलला का नाहीत?" तिने बाबांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"बोलून कोण ऐकतं? वाजवून दाखवायला हवं होतं. मला जोड्या लावता येतात, गाणं कुठे येतं?"

तिला येत होतं. शिकायला बाबांनीच घातलं होतं. आठ जागांतून फिरून येणारं एक गाणं तिने वाजवलं. बाबांनी दोन्ही तळवे ऑर्गनच्या लाकडावर टेकवले आणि डोळे मिटले. शेवटचे तीन सूर तिने धरून ठेवले.

"हाताला थरथर लागते?" तिने ओरडून विचारलं.

बाबांनी तळवे आणखी घट्ट दाबले. "नाही," ते म्हणाले. "बारा वर्षांनीही नाही."

चिटणिसांनी घसा साफ केला. "मग आता याचं काय करावं लागेल?"

"काही नाही," ती म्हणाली. "हात लावायचा नाही."

आवाज केव्हाच थांबला होता. बाबांचे तळवे मात्र लाकडावरच होते.