वरच्या खोलीतला राउटर

माझी नोकरी सासूबाईंना नको होती आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. कारंजाच्या जुन्या बाजारात आमचं धान्याचं दुकान आहे. घरात काम करायला माणसं येतात, दुकानात हमाल आहेत. "आपुन नोकर ठेवतो, नोकर होत नाई," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायच्या आणि मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायचे. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. माझी बी.कॉम.ची पदवी कपाटाच्या वर धूळ खात पडली होती आणि मीही जवळजवळ तिच्या शेजारीच पडले होते.

पुण्याच्या एका कंपनीला घरून जीएसटीचं काम करणारं माणूस हवं होतं. दोन फेऱ्या मी पार केल्या. शेवटची मुलाखत व्हिडिओवर होती आणि तिच्या ऐन मध्यावर समोरच्या दोघी बायका तोंड उघडं ठेवून गोठल्या. नेट गेलं. मी धावत अंगणात जाऊन फोन केला, माफी मागितली. त्यांनी दुसऱ्या दिवशी साडेतीनची वेळ दिली आणि गोड आवाजात सांगितलं, की उद्याही जमलं नाही तर दुसऱ्या उमेदवाराला घेऊ. आमच्या घराच्या भिंती हातभर जाडीच्या. मोबाइलवर बोलणं होतं, पण त्याच्या नेटवर व्हिडिओ चालायचं नाव नको. म्हणजे सगळी मदार त्या एका राउटरवर.

आणि राउटर कुठे, तर सासूबाईंच्या खोलीत. लाइन टाकणाऱ्या फुलचंदने शेजारच्या गच्चीवरून वायर ओढली, पहिली खिडकी दिसली तिथे भोक पाडलं आणि त्याच फळीवर डबी ठेवून मोकळा झाला. ती खोली सासूबाईंच्या स्वाध्यायाची. तिथे शास्त्राची पोथी असते, चौरंग असतो, आंघोळ करून शुद्ध कपड्यांत जावं लागतं. त्यात आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दसलक्षण पर्व सुरू होतं आणि नेमकी परवा माझी पाळी आली. आमच्याकडे पाळीत बाईने चार दिवस स्वयंपाकघरात जायचं नाही, त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, कोणाला शिवायचं नाही. चुकून शिवलं तर समोरच्याने आंघोळ करायची. मी जिन्याखालच्या खोलीत चटईवर होते आणि माझं भवितव्य वर फळीवर होतं.

सकाळी मी संयमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं की वर जाऊन जरा बघ. तो दुकानाच्या कपड्यांत होता. आईला या दहा दिवसांत नाराज करू नकोस, एवढं ज्ञान देऊन तो निघून गेला. आदल्याच दुपारी, मुलाखतीच्या आधी, याच माणसाने आईला एक उपाय सुचवला होता. त्या तक्रार करत होत्या की तुमच्या त्या यंत्राच्या दिव्यांवर रातभर चिलटं येतात, तापल्या डबीवर मरतात, ऐन पर्वात घरात हिंसा होऊन राह्यली, बंद करा ते. बंद नको करू, झाकून ठेव, असं हा म्हणाला आणि जेवायला बसला. झाकून म्हणजे कशाने, ते ना त्याने सांगितलं ना मी विचारलं.

मग फुलचंदला बोलावलं. तो जिना चढून दारापर्यंत गेला. सासूबाईंनी आतूनच विचारलं की कमरेला पट्टा कशाचा आहे. पट्टा चामड्याचा होता. "चामडं घेऊन आत नाई यायचं," एवढंच त्या म्हणाल्या. पट्टा काढला तर पँट खाली येईल, असं तो मला खाली येऊन पुटपुटला. गच्चीवर वायर तपासून त्याने निकाल दिला की लाइन एकदम बरोबर आहे, राउटर गेला असन, नवा घ्या. नवा उद्या येईल म्हणाला. उद्याचं मला काय करायचं होतं? उद्या माझ्या जागेवर दुसरीच कोणी बसलेली असणार होती.

दुपारी लॅपटॉप घेऊन मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, उंबऱ्याच्या अलीकडे. दार लोटलेलं होतं. खोलीच्या विजेचा बोर्ड बाहेरच्या भिंतीवर आहे, तेवढा माझ्या हाताचा. नेटच्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर एक मुलगी होती, तिने तिची पोपटपंची सुरू केली. बटण बंद करा, थांबा, चालू करा. केलं. काही नाही. मग ती म्हणाली, कोणते दिवे लागलेत ते बघून सांगा.

मी दाराशी तोंड नेऊन विचारलं. आतून पोथीचं पान उलटल्याचा आवाज आला, मग आणखी एक पान उलटल्याचा. मला छळायची एकही संधी ही बाई सोडत नाही, असं माझ्या मनात आलं आणि ते खरंही होतं. शेवटी त्या उठल्या.

"हिरवे हायेत. सगळे हिरवे."

त्याच क्षणी लॅपटॉपवर नेट आलं. चांगलं भरभरून आलं. मी मुलीला सांगितलं, तिने आनंदाने आभार मानले आणि फोन ठेवला. तोवर नेट परत गेलेलं.

पुन्हा फोन, पुन्हा दुसरी मुलगी, पुन्हा तेच. दिवे बघा. सासूबाई पुन्हा कुरकुरत उठल्या, हिरवे म्हणाल्या. पुन्हा नेट आलं आणि त्या चौरंगाशी बसल्या तसं पुन्हा गेलं. मी फोन कानापासून खाली घेतला. राउटर बिघडला असता तर त्याला सासूबाई केव्हा उठतात आणि केव्हा बसतात हे कसं कळलं असतं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बंद करत होत्या. बघायला उठल्या की चालू, बसल्या की बंद. घड्याळात सव्वातीन वाजून गेले होते.

"आई, अजून एकदा दिवे पाहा ना," मी अगदी मऊ आवाजात म्हटलं. त्या उठल्याचा आवाज आला आणि मी दार ढकललं.

त्यांच्या हातात पातेलं होतं. आमचं दुधाचं मोठं स्टीलचं पातेलं. दिवे दिसावेत म्हणून त्यांनी ते उचलून धरलं होतं, आणि खाली फळीवर राउटर शांतपणे लुकलुकत होता. दुधावर झाकण घालावं तसं ते पातेलं कालपासून त्याच्यावर पालथं घातलेलं होतं. एवढ्या जाड स्टीलमधून नेट बाहेर येणार कसं?

"तू आत आली?" त्यांचा आवाज चिरकला. "अशा दिवसांत? माह्या पोथीपाशी?"

"पातेलं खाली ठेवा."

"नाई ठेवत. रातभर जीव मरून राह्यले यावर. तुह्या एका नोकरीपाई कायले मी पाप घेऊ?"

मी फळीकडे बघितलं आणि मला जे दिसलं ते त्यांना अजून दिसलं नव्हतं, कारण त्या माझ्याकडे बघत होत्या. वायर जावी म्हणून पातेल्याची कड एका बाजूने उचललेली राहत होती. त्या फटीतून चिलटं आत शिरली होती, तुडतुडे शिरले होते, दोन पाकोळ्याही. बाहेरची वाट त्यांना सापडली नव्हती. राउटरच्या भोवती त्यांचा काळा-हिरवा थर साचला होता, पातेल्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली निराळीच.

सांगायचं नाही असं मी ठरवू शकले असते. पण मला सांगायचं होतं. चार वर्षं मला हे सांगायचं होतं, फक्त काय सांगायचं ते त्या दिवशी मिळालं.

"पातेल्यात पाहा," मी म्हटलं. "उघडं होतं तवा बसायचे, उडून जायचे. चार-दोन मरायचे. तुमी कोंडले. हे सगळे तुमी मारले."

त्यांनी पातेलं उलटं केलं आणि आत बघितलं. मग फळीकडे बघितलं. त्या खाली बसल्या, कागद घेतला आणि एकेक चिलट बोटाने हलकेच त्यावर घ्यायला लागल्या, एखादं हलतंय का ते डोळ्याजवळ नेऊन बघत. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी चौरंगाजवळची जागा सोडून फळीखाली जमिनीवर, भिंतीशी लॅपटॉप ठेवला, केसांवरून हात फिरवला आणि मुलाखतीला हजर झाले.

चित्र स्वच्छ होतं. त्या दोघींनी जीएसटीच्या रिटर्नबद्दल विचारलं, मुदतींबद्दल विचारलं, आणि माझं एकही उत्तर अडखळलं नाही. मग त्यातली एक हसून म्हणाली, मागे कोणी दिसतंय, घरच्यांचा पाठिंबा आहे ना?

"माझ्या सासूबाई आहेत," मी म्हटलं. "त्यांचा पाठिंबा नाही. काम मात्र वेळेत होईल."

मागे कागदाची पुडी बांधल्याचा आवाज झाला. सासूबाई उठल्या. त्यांनी पातेलं पदराने आतून पुसलं आणि त्या फळीकडे वळल्या. आता त्यांच्याकडे चिलटांचं कारण उरलं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी त्यांनी पातेलं पालथं केलं आणि हात पुढे नेला.

मी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. बसल्या जागेवरून हात वर केला आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्या ताठ झाल्या. दसलक्षणात, पोथीसमोर, माझ्या विटाळाच्या हाताने. मी ते सोडलं नाही.

"पुढचा प्रश्न विचारा," मी म्हटलं.