करवतीमागची पट्टी

ब्रदर जोथमने टेबलाच्या फटीतून वर डोकावणारी गोल करवत बनवली. ओढ्याच्या पाण्यावर ती गरगर फिरूही लागली, पण चार दिवसांत तिने तीन फळ्या त्याच्याच अंगावर भिरकावल्या. चौथी गेली ती थेट एल्डर ओबेड यांची टोपी उडवून. शेकर या विरक्त ख्रिस्ती पंथाच्या गावात एल्डरांचा शब्द अखेरचा. त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि सांगितलं, "सोमवारी हे धूड मोडायचं. आणि रविवारच्या बैठकीत करवतीचं नावसुद्धा काढायचं नाही."

सिस्टर कझायाला चैन पडेना. विणकामाच्या खोलीच्या खिडकीतून तिला खालच्या सुतारशाळेतलं सगळं दिसायचं. चिरलेली फळी पात्यामागे पुन्हा मिटते, पात्याला आवळते आणि उसळते. एवढी साधी गोष्ट त्या जोथमला दिसत नव्हती! पण सांगणार कशी? शेकरांत बाईने बाप्याशी एकटीने बोलायचं नाही. दोघांचे जिने वेगळे, दारं वेगळी. बोलायचं ते रविवारी, समोरासमोरच्या खुर्च्यांत बसून, सगळ्यांदेखत.

रविवारी तिने डोकं लढवलं. "ब्रदर जोथम, मागावर धागे जवळ येऊन गुंततात बरं का. म्हणून आम्ही मध्ये पातळ पट्टी घालतो. पट्टी असली की मिटायची बिशाद नाही!"

"वा, छान!" जोथमने मान डोलावली.

सोमवारी सकाळी विणकामाच्या खोलीच्या दारात दोन नव्याकोऱ्या गुळगुळीत पट्ट्या ठेवलेल्या. माणूस भला, पण डोक्यात भुसा! कझायाने कपाळावर हात मारून घेतला. खाली एल्डर हातोडा घेऊन निघालेही होते.

तिने एक पट्टी उचलली आणि धूम ठोकली, ती बाप्यांच्या दारातून सरळ सुतारशाळेत.

"अहो, पट्टी मला नको होती, तुमच्या करवतीला हवी होती!" असं ओरडत तिने ती पात्यामागच्या फटीत ठोकून उभी केली. "आता सरकवा फळी."

जोथमने जीव मुठीत धरून फळी सरकवली. फळी मुकाट्याने चिरली आणि पलीकडे पडली. दुसरीही तशीच. एल्डरांनी हातोडा खाली ठेवला आणि तिसरी फळी स्वतःच टेबलावर आणून ठेवली.

"सिस्टर, कोणत्या दाराने आलात?"

"बाप्यांच्या."

"संध्याकाळी कबुली द्यावी लागेल."

"देईन की."

आणि दिलीही. दाराची दिली, धावल्याची दिली, ओरडल्याची दिली. पहिली फळी चिरली तेव्हा आपल्याला किती आनंद झाला, त्याची मात्र तिने कुणापाशी वाच्यता केली नाही.