तिसरा वाटा

टिकाराम आणि इतवारी सख्खे भाऊ आहेत, यावर अड्याळात फारसा कोणाचा विश्वास नव्हता. टिकाराम दिवसाला चार वाक्यं बोले, त्यातली दोन जाळ्याशी. इतवारी झोपेतही गप्पा मारी. ढिवराच्या घरात जन्मून त्याला मासळीचा वास सहन होत नसे. एकाहत्तर साली तो भिलाईला गेला, पत्र टाकतो म्हणाला, आणि झालं.

टिकारामने वाटे मोडले नाहीत. तलावावरून आलं की मासळीचे तीन वाटे: एक आपला, एक इतवारीचा, एक कोल्होबाचा. कोल्होबा म्हणजे तलावाकाठचा कोल्हा; तो माणसाचं रूप घेतो म्हणत. त्याचा वाटा तलावाच्या पाळीवरच्या पळसाखाली ठेवायचा. सकाळी जागा चाटूनपुसून साफ असे. इतवारीचा वाटा तो सुकवून आढ्याला टांगी. आठ वर्षांत घरात वाकून चालायची वेळ आली.

खरी रीत अशी, की एकाने पाठ करून बसायचं, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, आणि पाठमोऱ्याने नाव पुकारायचं. पुकारलेलं बदलत नाही. पण बोट ठेवायलाच कोणी नव्हतं, म्हणून पुकारणं बंद पडलं होतं.

एकोणऐंशीत इतवारी आला. तेच हसू, तीच बडबड. चार दिवसांत त्याने आठ वर्षांची सुकी मासळी काट्यांसकट संपवली. टिकाराम पहिल्याच घासाला समजला. पण घरात कोणीतरी ‘दादा’ म्हणत होतं. तेवढ्यासाठी तो माणूस आहे की कोल्हा, ही चौकशी त्याला गैरसोयीची वाटली.

शेजारच्या बायाबाईला मात्र पळसाखालचे वाटे सडताना दिसले. कोल्होबाचं नाव पुकारलं की त्याला रूप टाकून पाळीवर जावंच लागतं, हे तिला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी ती ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, आज वाटे माझ्यासमोर, रीतीने.

टिकाराम पाठ करून बसला. इतवारीने पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं.

“हा कोनाचा?”

“माहा.”

“हा?”

“इतवारीचा.”

तिसऱ्या वेळी आवाज बारीक झाला. “अन् हा कोनाचा, दादा?”

बायाबाईचं पान चघळणं थांबलं.

“हाही इतवारीचाच.”

“काय करून राहिला, समजते का तुले?” बायाबाई म्हणाली.

“समजते.”

ती उठून गेली. पुकारलेलं बदलत नाही. आता तो पुरता इतवारी होता.

आठवडाभर टिकाराम दिवसाला वीस-वीस वाक्यं बोलला. आठव्या दिवशी इतवारीने ताट सरकवलं.

“दादा, या वासानं मले मळमळते. मी भिलाईले जाऊन राहिलो.”

टिकारामने त्याला मोटारीत बसवून दिलं. पत्र टाकतो, असं तो खिडकीतून म्हणाला.

टिकाराम अजून तीन वाटे करतो. दुसरा आढ्याला जातो, तिसरा पळसाखाली. सकाळी जाऊन पाहतो, तर तोही तसाच असतो.